लालडेंगा : हरूनही जंगलात परत न गेलेला माणूस

लालडेंगा हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मामांच्या तोंडून, आणि तेही शिवी दिल्यासारखं. मामा माण तालुक्यातले, फौजेत वायरलेसवर होते. सुट्टीवर आले की रात्री जेवणं उरकल्यावर अंगणात बाज टाकून आम्हा पोरांना लढाईच्या गोष्टी सांगायचे. पासष्टच्या लढाईबद्दल ते तासन् तास बोलत. मिझो टेकड्यांबद्दल मात्र त्यांच्याकडे दोनच वाक्यं होती. "तिथं पाऊस थांबत न्हाई. आन् त्यो लालडेंगा, फौजेतलाच गडी, फौजेवरच उलटला." पुढे काही विचारलं की ते उठून जात. आजी आम्हाला दटावायची, "त्याला तिथलं काही विचारू नका गं."

पुढे बऱ्याच वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, यजमानांची बदली ऐझॉलला झाली. डोंगरउतारावरच्या एका घराचा खालचा मजला आम्ही भाड्याने घेतला. वर घरमालकीणबाई आणि त्यांचे थोरले भाऊ राहत. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'पी' म्हणतात आणि पुरुषाला 'पू'. आम्हीही तसंच म्हणू लागलो. पी मिशनच्या शाळेत शिकलेल्या. संध्याकाळी चुलीजवळ बसून, लाल चहाचे घोट घेत त्या जुन्या गोष्टी सांगत. पू फारसे बोलत नसत. ते लालडेंगांच्या सैन्यात होते, हे मला पहिल्या पावसाळ्यानंतर कळलं. म्हणजे मामा ज्यांच्या शोधात त्या जंगलात हिंडले होते त्यांच्यातलाच एक माणूस रोज सकाळी आमच्या खिडकीपुढच्या कुंड्यांना पाणी घालत होता.

पींची गोष्ट नेहमी बांबूपासून सुरू व्हायची. मिझो डोंगर बांबूने भरलेले आहेत. त्यातल्या माउ जातीच्या बांबूला साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलं येतात, तीही सगळीकडे एकदम. मग फळ धरतं, बांबू मरतो आणि फळं खाऊन माजलेले उंदीर शेतांवर उतरतात. या संकटाला मिझो लोक 'माउताम' म्हणतात. १८६२ साली ते आलं होतं, १९११ साली आलं होतं. त्यामुळे १९५९ मध्ये पुन्हा येणार हे तिथल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. मिझो जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच ठराव करून आसाम सरकारकडे मदतीसाठी पंधरा लाख रुपये मागितले. सरकारला ती डोंगराळ लोकांची अंधश्रद्धा वाटली. मागणी फेटाळली गेली.

आणि फुलं आली. पी तेव्हा शाळकरी मुलगी होत्या. संध्याकाळी बघितलेलं उभं भात सकाळी नुसत्या काड्या होऊन पडलेलं असायचं, असं त्या सांगत. घरातल्या कणगीत, पांघरुणात, सगळीकडे उंदीर. माणसं रानात जाऊन कंद उकरायची. ते उकडूनही घशात खाजायचे. त्या वर्षी त्यांची धाकटी बहीण गेली. "भुकेने मेली असं कुणी म्हणत नाही, तापाने मेली म्हणतात," पी म्हणाल्या, "पण अंगात काही असतं तर तापातून उठली असती."

लालडेंगांची गोष्ट या भुकेतून सुरू होते. लुंगलेईजवळच्या पुकपुई गावात १९२७ साली त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते फौजेत भरती झाले, हवालदारापर्यंत चढले. मामा म्हणत ते खरंच होतं. फौज सोडल्यावर ऐझॉलला जिल्हा परिषदेच्या कचेरीत हिशेबाचे कारकून झाले. १९५५ साली निघालेल्या मिझो सांस्कृतिक संस्थेचे ते चिटणीस होते. दुष्काळ आला तशी त्या संस्थेची माणसं मदतकार्यात उतरली आणि त्यातून 'मिझो राष्ट्रीय दुष्काळ आघाडी' उभी राहिली. आसामच्या गोदामांतून जे धान्य निघत होतं ते डोंगरातल्या शेवटच्या गावापर्यंत पोचत नव्हतं. आघाडीची पोरं पाठीवर पोती घेऊन पायवाटेने तिथवर जायची. लोकांनी सरकारचं तोंड बघितलं नव्हतं, या पोरांचं बघितलं. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी आघाडीने नावातला 'दुष्काळ' गाळला आणि 'मिझो नॅशनल फ्रंट' हा राजकीय पक्ष जन्मला. मागणी होती स्वतंत्र मिझोरामची. त्याआधीच्याच वर्षी आसामने असमियाला राजभाषा केलं होतं. मिझो माणसाच्या मनात तीही सल होतीच.

पूंनी लालडेंगांना पहिल्यांदा ऐकलं ते या दिवसांत, गावच्या मैदानावर. ते तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. "फार मोठा आवाज नव्हता," ते एकदा म्हणाले. "पण तो बोलायला लागला की आपल्याच घरातलं कुणी बोलतंय असं वाटायचं." सरकारला या माणसाचं वजन तेव्हाच कळायला हवं होतं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये पूर्व पाकिस्तानातून परतताना लालडेंगा पकडलेही गेले, पण काही आठवड्यांत सुटले. शस्त्रं सीमेपलीकडून येतच राहिली. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री फ्रंटने एकाच वेळी ऐझॉल, लुंगलेई, चम्फाई इथल्या ठाण्यांवर हल्ले केले. ऐझॉलचा सरकारी खजिना लुटला गेला, टेलिफोनच्या तारा तोडल्या गेल्या, आसाम रायफल्सच्या ठाण्याला वेढा पडला. १ मार्चला लालडेंगांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. बायबलमधल्या जेरिको शहराच्या भिंती कोसळतात, म्हणून या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन जेरिको' ठेवलं होतं. घरोघरी बायबल वाचणाऱ्या त्या समाजात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पुढे जे झालं ते सांगताना पी चहाचा पेला खाली ठेवत. वेढ्यात अडकलेल्या ठाण्याला हेलिकॉप्टरांनी कुमक पोचवायचा प्रयत्न झाला, पण खालून होणाऱ्या गोळीबारामुळे ती उतरू शकली नाहीत. मग भारतीय हवाई दलाची तुफानी आणि हंटर विमानं आली. ४ मार्चला ती गोळीबार करून गेली. ५ मार्चला त्यांनी बाँब टाकले. भारताने आपल्याच देशातल्या एका शहरावर लढाऊ विमानांनी बाँब टाकल्याचं हे एकमेव उदाहरण आहे. रिपब्लिक वेंग, दॉरपुई या वस्त्या जळाल्या. लाकडी घरं ती, आग धरायला वेळ लागला नाही. पींच्या आईने पोरांना घेऊन दरीतल्या ओढ्याकडे धाव घेतली. त्यांच्या वडिलांनी घरातलं बायबल आणि शिवणयंत्र एवढंच उचललं. रात्री वर बघितलं तर सगळा डोंगर लाल दिसत होता.

पंतप्रधान इंदिरा गांधींनी वर्तमानपत्राला सांगितलं की विमानं माणसं आणि रसद टाकण्यासाठी पाठवली होती. आसाम विधानसभेतले स्टॅन्ली निकोल्स-रॉय आणि हूवर हायन्युएटा हे दोन आमदार ऐझॉलला जाऊन डोळ्यांनी बघून आले आणि त्यांनी सभागृहात बाँबफेकीचा जाब विचारला. त्या दोघांची नावं पी अजूनही आदराने घ्यायच्या. इथे मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. मार्च १९६६ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गृहमंत्री झाले, आणि पुढच्या जानेवारीत मिझो टेकड्यांमध्ये गावं हलवण्याची मोहीम सुरू झाली. यशवंतरावांवर आपलं प्रेम आहे, माझंही आहे. म्हणूनच त्यांच्या चरित्रातलं हे पानही आपण वाचलं पाहिजे.

गावं हलवणं म्हणजे काय, ते मला मामांकडून कळलं. ऐझॉलहून सुट्टीला घरी गेले होते. मामा थकले होते, कानांनी कमी ऐकू यायचं. मी पींबद्दल सांगत होते, पूंबद्दल सांगत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ती मानसं माघारी गेली का गं, आपापल्या गावांत?" मी म्हटलं, कुठली माणसं? आणि त्या रात्री, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, ते बोलले.

"पहाटं गावाला घेरायचं. मुखियाला बोलवायचं. दुपारपतूर जेवढं उचललं तेवढं घ्या म्हनायचं. मग बाकीचं पेटवायचं. घरं, डुकरांचे गोठे, भाताच्या कनग्या. भात जळलेला वास नाकातून जात न्हाई पोरी. एक म्हातारी कनगीला मिठी मारून बसली व्हती. आपल्याकडं दुष्काळात दाना दाना येचनारी आपन मानसं. माज्या हातानं काडी लावली न्हाई. मी नुसतं वायरलेसवर कळवायचो, गाव रिकामं झालं म्हनून. पर कळवनारा मीच व्हतो न्हवं?"

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "आन् माजा जोडीदार वैरेंगत्याच्या वाटंवर गेला, झाडीतनं आलेल्या गोळीनं. त्याची ट्रंक मीच बांदली. त्याच्या बायकूला पत्र मीच लिवलं. मग सांग, मी कुनावर राग धरायचा?"

या मोहिमेला सरकारी भाषेत 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं' म्हणत. सिल्चर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्याच्या कडेला कुंपणं घालून डोंगरात विखुरलेल्या गावांना तिथे एकत्र आणलं गेलं. पुढच्या काही वर्षांत पाचशेहून अधिक गावं उठवून शंभराच्या आसपास वसाहतींमध्ये कोंबली गेली. ग्रामीण मिझो माणसांपैकी बहुतेक सगळे आपल्या जागेवरून उखडले गेले. ओळखपत्र दाखवून बाहेर पडायचं, दिवस मावळायच्या आत परतायचं. झूमची, म्हणजे फिरत्या शेतीची, शेतं मैलोन्मैल दूर राहिली, तेव्हा पिकवायचं कुठे आणि कधी? उंदरांनी एका वर्षात आणलेली भूक या योजनेने कायमची मुक्कामाला आणली. बंडखोरांना अन्न आणि आसरा मिळू नये हा हेतू होता. पण ज्याचं घर जळलं त्याचा मुलगा कुणाकडे गेला असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पूंचं गावही त्यात गेलं. पुढे कुंपणं निघाली, तरी बरीच गावं आपल्या जुन्या जागी कधीच परतली नाहीत. मामांना मी तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मिझो माणसं १९६६ ते १९८६ या वीस वर्षांना 'रम्बुआई' म्हणतात, अस्वस्थ देशाचा काळ. त्या काळाची भीती दोन्हीकडची होती. डोक्यावर पिशवी घातलेला खबऱ्या लष्कराबरोबर यायचा, रांगेत उभ्या केलेल्या माणसांपैकी कुणाकडे तरी बोट दाखवायचा. त्या माणसाचं पुढे काय होईल, सांगता यायचं नाही. आणि ज्याच्यावर खबऱ्या असल्याचा संशय यायचा त्याचा निकाल जंगलातली माणसं लावायची. पूंना मी एकदा विचारलं, तुम्हीही असं काही केलंत का? ते म्हणाले, "केलं. आणि त्यातला एक निरपराध होता." एवढंच. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही.

लालडेंगांचं आयुष्य या काळात परक्यांच्या दारात गेलं. फ्रंटचा तळ पूर्व पाकिस्तानातल्या चितगावच्या डोंगरात होता. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश जन्मला आणि तो आसरा एका रात्रीत तुटला. पू आणि त्यांचे सोबती ब्रह्मदेशातल्या आराकानच्या जंगलात शिरले. हिवतापाने माणसं मरत, मीठ मिळत नसे. लालडेंगा पाकिस्तानात पोचले. तिथे मान होता, पाहुणचार होता, पण स्वतंत्र मिझोराम कुणालाच नको होतं. पाकिस्तानला फक्त भारताच्या अंगात रुतलेला काटा हवा होता. हे उमगल्यावर लालडेंगांनी युरोपात भारतीय अधिकाऱ्यांशी संधान बांधलं आणि १९७६ मध्ये ते दिल्लीला आले. करार झाला, आणि फिसकटला. त्याआधी, जानेवारी १९७५ मध्ये, त्यांच्या माणसांनी ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात घुसून महानिरीक्षक जी. एस. आर्य आणि दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. १९७९ मध्ये बाहेरच्या लोकांना मिझोराम सोडून जाण्याचे हुकूम निघाले. आपल्याच सहकाऱ्यांशी लालडेंगांची भांडणं झाली, काही जण फुटले. सत्ता आपल्याच हाती यावी हा त्यांचा हट्ट बोलणी मोडायला अनेकदा कारण झाला. या माणसाला संत करायचं मला कारण नाही. पूही करत नसत. "त्याने आम्हाला जंगलात नेलं आणि स्वतः दिल्ली-लंडनच्या घरांत राहिला," असं ते म्हणत, आणि लगेच पुढे म्हणत, "पण परत त्यानेच आणलं."

ते परत येणंही सरळ झालं नाही. १९८२ मध्ये बोलणी पुन्हा तुटली आणि लालडेंगा लंडनला गेले. ऑक्टोबर १९८४ च्या अखेरीस ते इंदिरा गांधींना भेटायला दिल्लीत उतरले. भेट ठरली होती ३१ ऑक्टोबरला. त्याच सकाळी इंदिराजींची हत्या झाली. तरीही चर्चा थांबली नाही. राजीव गांधींनी ती पुढे नेली. मिझो चर्चच्या धर्मगुरूंनी आणि विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंना शांततेसाठी भाग पाडलं. केंद्राच्या वतीने बोलणी करायला बसले गृहसचिव राम प्रधान. हे मराठी अधिकारी पूर्वी यशवंतराव संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते. ३० जून १९८६ हा प्रधानांचा नोकरीतला शेवटचा दिवस. त्या दिवशी अखेर लालडेंगांनी, प्रधानांनी आणि मिझोरामच्या मुख्य सचिवांनी करारावर सह्या केल्या. मिझोराममध्ये हा दिवस अजून 'रेम्ना नी', शांतीदिन म्हणून पाळतात.

करारात दोन्ही बाजूंनी काहीतरी मोलाचं सोडलं. फ्रंटने स्वातंत्र्याची मागणी सोडली. भारताने मिझोरामला राज्याचा दर्जा दिला आणि घटनेत ३७१-जी हे कलम घालून मिझोंच्या चालीरीती, त्यांचा रूढ कायदा आणि जमीन यांना संरक्षण दिलं. तिसरा त्याग सहसा कुणी सांगत नाही. काँग्रेसचे निवडून आलेले मुख्यमंत्री लाल थनहवला यांनी आपली खुर्ची लालडेंगांसाठी रिकामी केली आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. ज्याच्या डोक्यावर देशद्रोहाचा आरोप होता तो माणूस ऑगस्ट १९८६ मध्ये मुख्यमंत्री म्हणून शपथ घेत होता. पू त्या पावसाळ्यात सीमेवरच्या पार्व्याला शस्त्र ठेवून आले. पींनी त्यांना ओळखलं नाही. वीस वर्षांपूर्वी गेलेला पोरगा त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

२० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम देशाचं तेविसावं राज्य झालं. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत चाळीसपैकी चोवीस जागा जिंकून लालडेंगा पुन्हा मुख्यमंत्री झाले. इथे बहुतेक लेखक गोष्ट संपवतात. माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा भाग यानंतरचा आहे. दीड वर्षातच त्यांचे आमदार फुटले, सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८९ च्या निवडणुकीत ते हरले. लाल थनहवला पुन्हा मुख्यमंत्री झाले. सीमा तिथेच होती, जंगल तिथेच होतं, बंदूक चालवता येणारी माणसं गल्लोगल्ली होती. वीस वर्षं ज्याच्या शब्दावर माणसं मरायला तयार होती, तो माणूस मतमोजणीत हरला आणि घरी बसला. कुणालाही त्याने जंगलात परत बोलावलं नाही. शपथविधीने शांतता सुरू झाली हे खरं, पण ती पक्की झाली या पराभवाने.

७ जुलै १९९० रोजी लंडनमध्ये कर्करोगाने लालडेंगांचं निधन झालं. त्यांना ऐझॉलच्या मध्यवस्तीत पुरलं आहे. जंगलात त्यांचे सचिव राहिलेले झोरामथांगा १९९८ मध्ये मुख्यमंत्री झाले, आम्ही तिथे असताना. पुढे ते तीनदा हरले, दोनदा परत जिंकले, आणि प्रत्येक वेळी फक्त मतपेटीतून. २००७ च्या सुमारास माउताम पुन्हा आला. या वेळी सरकारने आधीपासून तयारी केली, उंदरांच्या शेपट्यांमागे पैसे दिले, धान्य आणलं. हाल झाले, पण एकोणसाठसारखी माणसं मेली नाहीत. त्या वेळी मुख्यमंत्री झोरामथांगाच होते. दुष्काळाच्या पोटी जन्मलेल्या पक्षाच्या माणसाने पुढचा दुष्काळ सरकारात बसून निभावला. १९५८ सालचे पंधरा लाख रुपये दिले असते तर कदाचित या मधल्या वीस वर्षांची, त्या जळालेल्या गावांची आणि मामांच्या जोडीदाराची गोष्ट वेगळी झाली असती.

५ मार्चची बाँबफेक आता संसदेत बोलली जाते. २०२३ मध्ये पंतप्रधानांनीच लोकसभेत तिचा उल्लेख केला. पण ती एका पक्षाने दुसऱ्यावर फेकलेला दगड म्हणून बोलली गेली. पींना तो दगड नको होता. त्यांना हवं होतं ते साधं होतं : झालं ते खरं झालं, असं कुणीतरी सरळ सांगावं.

पी आता नाहीत, पू नाहीत, मामाही नाहीत. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत अजूनही अशी म्हातारी माणसं आहेत जी साठ-सत्तरच्या दशकात मिझो, नागा, मणिपुरी डोंगरांत नोकरी करून आली आणि तिथलं काही बोलली नाहीत. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहे. तुमच्या घरात, भावकीत असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि सांगतील ते लिहून ठेवा. त्यांनी काय सोसलं तेवढंच नको, त्यांच्या हातून काय घडलं तेही लिहा. मिझो माणसांनी आपली बाजू लिहून ठेवली आहे. आपली अजून लिहायची राहिली आहे.